अ‍ॅल्युमिनियमचे अंतरंग : पत्र्यावरील संत्र्याची साल

७००० मालिकेतील मिश्रधातूंच्या कणसीमांलगत जो अवक्षेपरहित पट्टा राहतो, त्याची हकीकत आज सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु ती पुढील आठवड्यावर टाकतो, कारण मनीषनगरातील एका वाचकांनी पत्रासोबत धाडलेला पत्र्याचा तुकडा पाहिल्यापासून माझे चित्त दुसरीकडे लागत नाही. खिडकीवरच्या पन्हळीसाठी त्यांनी मऊ पत्रा वळवून घेतला, तो वाकाच्या बाहेरील अंगावर खडबडीत झाला. माल भेसळीचा तर नाही ना, अशी त्यांना शंका आहे. धातुशास्त्रात या दोषाला संत्र्याची साल असेच म्हणतात, आणि नागपूरकरांस त्याचे रूप निराळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

तो तुकडा कॉस्टिक सोड्याच्या ऊन द्रावणात बुडवून, धुऊन, खिडकीशी तिरपा धरला, तेव्हा भिंगावाचूनही कण, म्हणजे धातूचे एकेक स्फटिक, दिसले : एक चकाकणारा, त्यालगतचा काळवंडलेला, रुंदी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. वळवण्याच्या पत्र्यात कण याच्या दहाव्या हिश्श्याचे असते, तर डोळ्यांना काहीच जाणवले नसते.

अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिकात घसरणीच्या बारा वाटा असतात; त्यांपैकी किमान पाच स्वतंत्र वाटा एकदम चालू झाल्या, तरच कणाला शेजाऱ्यांच्या आकाराशी जुळवून घेता येते व कणसीमेवर फट पडत नाही, हे जी. आय. टेलर यांनी १९३८ साली मांडलेल्या विवेचनाचे मर्म आहे. पत्र्याच्या पोटातील कणावर हे बंधन चोहोबाजूंनी असते. पृष्ठभागावरील कणाची मात्र एक बाजू मोकळी, म्हणून आपापल्या दिशाविन्यासानुसार कोणी वर उचलला जातो, कोणी खाली बसतो, आणि कण जितका मोठा व ताण जितका अधिक, तितका हा उंचसखलपणा वाढतो.

कण एवढे माजले कसे? भेसळीमुळे नव्हे. भरपूर लाटलेला पत्रा तापवून मऊ केला, म्हणजेच त्याचे अनुशीतन केले, तर असंख्य नवे कण एकाच वेळी जन्मतात व परस्परांची वाढ रोखतात; पण जेमतेम काही टक्केच विरूपण झालेला पत्रा भट्टीत घातला, तर मोजकेच कण जन्मून सारा मुलूख बळकावतात. अनुशीतनापूर्वी पुरेसे लाटणे झाले नाही, अथवा भट्टीत पत्रा गरजेपेक्षा अधिक तापला, याचाच मला संशय येतो. वाडीच्या जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्रासारख्या प्रयोगशाळेत छेद घेऊन कण मोजले, की या संशयाचा निकाल लागेल.

पन्हळ टिकेल का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. हॉल (१९५१) व पेच (१९५३) यांच्या सूत्राप्रमाणे कण १०० मायक्रॉनवरून २५ मायक्रॉनवर आणला, तर सौम्य पोलादाचे बळ सुमारे ६० मेगापास्कलने वाढते. शुद्धप्राय अ‍ॅल्युमिनियमचे जेमतेम ७ ने. तेव्हा मोठ्या कणांमुळे या पत्र्याचे बळ फारसे उणावलेले नाही. वाकावर चीर नसेल, तर पन्हळ खुशाल बसवावी.