प्रारंभिक प्रोग्रॅमिंग शिक्षण (यवतमाळ जिल्हा)

प्रारंभिक प्रोग्रॅमिंग शिक्षण म्हणजे आज्ञावली लिहिण्याचा पूर्वानुभव नसलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षी दिले जाणारे संगणक प्रोग्रॅमिंगचे शिक्षण. महाराष्ट्रातील बहुतेक अभ्यासक्रमांत त्यासाठी दीर्घकाळ सी ही भाषा वापरली गेली असून अलीकडे पायथनचाही वापर होऊ लागला आहे. विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात हे शिक्षण अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि विज्ञान व वाणिज्य शाखांची महाविद्यालये यांमधून मिळते. येथील अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले आणि शेतकरी कुटुंबांतून आलेले असतात. त्यांच्या दृष्टीने हा विषय एकाच वेळी नवी विचारपद्धती, नवी भाषा आणि नवे यंत्र अशा तिहेरी ओळखीचा असतो.

संस्था व अभ्यासक्रम

यवतमाळ जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. हे विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी पुसद येथे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. यवतमाळ येथील जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९९६ ची आहे. तंत्रनिकेतनांतील पदविका महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अखत्यारीत असून संगणक शाखेच्या पदविकेत सी प्रोग्रॅमिंग हा विषय दुसऱ्या सत्रात येतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आदर्श अभ्यासक्रमात हा विषय पदवीच्या पहिल्या वर्षी सर्व शाखांना ठेवला आहे. त्यासाठी आठवड्याला ३ तास व्याख्यान आणि ४ तास प्रात्यक्षिक अशी तरतूद आहे. प्रात्यक्षिकाचा वेळ व्याख्यानापेक्षा अधिक ठेवणे हे या आराखड्यातील सर्वांत शहाणपणाचे कलम म्हणावे लागेल.

सर्वच विद्यार्थी पूर्णपणे कोरे नसतात. बारावी विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा द्विलक्षी विषय घेतलेल्यांना सी प्लस प्लस आणि ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचा परिचय असतो. यापेक्षा कितीतरी मोठ्या संख्येने विद्यार्थी एमएस-सीआयटी उत्तीर्ण होऊन येतात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. मात्र तो संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. पत्र टंकणे, तक्ता भरणे, इंटरनेट वापरणे यांवर त्याचा भर असतो. ‘मला संगणक येतो’ या समजुतीने वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात जो धक्का बसतो, त्याचे मूळ पुष्कळदा या फरकात असते.

भाषा व साधने

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केली. ब्रायन कर्निघन व रिची यांचे या भाषेवरील पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. नवशिक्याच्या पहिल्या आज्ञावलीने पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ छापायचे, ही प्रथा त्या पुस्तकामुळे जगभर रूढ झाली. विदर्भातील विद्यार्थ्यांच्या हाती मात्र बहुधा पडते ते ‘लेट अस सी’. त्याचे लेखक यशवंत कानेटकर नागपूरचे. संवादी शैली आणि लहान लहान उदाहरणे यांमुळे हे पुस्तक केवळ विदर्भातच नव्हे, तर देशभर पहिले पुस्तक म्हणून वापरले गेले.

प्रयोगशाळांमध्ये अनेक वर्षे बोरलँड कंपनीच्या टर्बो सी या निळ्या पडद्याच्या साधनाचे राज्य होते. हे साधन डॉस प्रणालीच्या काळातील, १६ बिटी यंत्रांसाठी घडवलेले. ६४ बिटी विंडोजवर ते थेट चालत नाही. त्यासाठी डॉसबॉक्स वापरावा लागतो. त्यात शिकलेल्या विद्यार्थ्याच्या सवयीही त्या काळाच्या राहतात. पडदा पुसण्याची ‘सीएलआरएससीआर’ ही आज्ञा आणि तिच्यासाठी लागणारी ‘कोनिओ’ फाइल प्रमाणित सीचा भाग नाहीत, म्हणून तीच आज्ञावली लिनक्सवरील जीसीसी या कंपायलरला दिली की ती पहिल्या ओळींतच अडते. बारावीत जुन्या पद्धतीचे सी प्लस प्लस शिकलेल्यांचीही हीच गत होते. आपण शिकलो ते चुकीचे होते की यंत्र बिघडले, हे विद्यार्थ्याला कळत नाही. प्रत्यक्षात दोन्ही नसते. केवळ साधन बदललेले असते.

१६ बिटी साधनाचा आणखी एक परिणाम क्रमगुणिताच्या प्रात्यक्षिकात दिसतो. टर्बो सीमध्ये ‘इंट’ प्रकारच्या चलात −३२७६८ ते ३२७६७ एवढ्याच संख्या मावतात. ७ चे क्रमगुणित ५०४० बरोबर येते. ८ चे ४०३२० यायला हवे, तेथे पडद्यावर −२५२१६ उमटते. संख्येची पेटी भरून वाहिली आणि ६५५३६ वजा झाले, एवढाच त्याचा अर्थ. ३२ बिटी ‘इंट’ असलेल्या कंपायलरवर हीच घटना १३ च्या क्रमगुणिताला घडते. ऋण क्रमगुणित पाहून थांबणारा आणि कारण विचारणारा विद्यार्थी त्या तासाला पूर्ण प्रकरण वाचण्यापेक्षा अधिक शिकतो. जर्नलमध्ये मात्र बहुतेक वेळा ५ चे क्रमगुणित १२० एवढेच नोंदवले जाते.

विषय अवघड का वाटतो

हा अनुभव एका जिल्ह्यापुरता नाही. मायकेल मॅक्रॅकन यांच्या नेतृत्वाखालील गटाने २००१ मध्ये चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, तेव्हा ११० पैकी सरासरी सुमारे २३ गुण पडले. बेनेडसेन आणि कॅस्परसन यांच्या २००७ च्या पाहणीत पहिला प्रोग्रॅमिंग विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश अनुत्तीर्ण होत असल्याचे आढळले. या विषयात एटीकेटी लागलेल्या विद्यार्थ्याने आपल्या गावाला किंवा माध्यमाला दोष देण्यापूर्वी हे आकडे पाहिले पाहिजेत.

ब्रिटिश संशोधक बेनेडिक्ट ड्यू बुले यांनी या अडचणीचे मूळ ‘काल्पनिक यंत्रा’च्या अभावात पाहिले. आज्ञा वाचताना संगणक आत काय करतो याचे पुसट का होईना, पण सुसंगत चित्र विद्यार्थ्याच्या मनात तयार व्हावे लागते. ते नसले की प्रत्येक ओळ मंत्रासारखी पाठ करावी लागते. बीजगणितात ‘क्ष बरोबर क्ष अधिक १’ हे समीकरण अशक्य आहे. सीमध्ये तोच मजकूर ‘क्ष नावाच्या पेटीतील संख्या काढ, तीत १ मिळव आणि पुन्हा त्याच पेटीत ठेव’ अशी आज्ञा ठरतो. तसेच ५५ भागिले ६० गुणिले १०० या पदावलीचे उत्तर सीमध्ये ० येते. दोन पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक टाकून दिला जातो आणि उरलेल्या शून्याला १०० ने गुणले जाते. गुणाकार आधी केला तर ९१ मिळतात. गणितात हुशार असलेला विद्यार्थी येथे अधिक गोंधळतो, कारण त्याचा आधीचा विश्वास पक्का असतो.

पर्जन्य प्रश्न

प्रोग्रॅमिंग शिक्षणाच्या संशोधनात सर्वाधिक गाजलेले उदाहरण योगायोगाने पावसाचे आहे. येल विद्यापीठातील एलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात वापरलेला हा प्रश्न असा: ९९९९९ ही संख्या येईपर्यंत संख्या वाचत राहा आणि त्यांची सरासरी काढा, ९९९९९ मात्र मोजू नका. ऐकायला सोपा वाटणारा हा प्रश्न फारच थोड्या नवशिक्यांना अचूक सोडवता आला.

समजा नोंदी १२, ३०, ०, १८ आणि शेवटी ९९९९९ अशा आहेत. बरोबर उत्तर ६० भागिले ४, म्हणजे १५. संख्या वाचली, लगेच बेरजेत मिळवली आणि मग तपासली, तर शेवटची खूणही पाऊस म्हणून मोजली जाते व सरासरी २००११.८ येते. बेरजेच्या चलाला सुरुवातीला ० दिले नाही तर त्यात आधीपासून जे काही पडलेले असेल ते धरले जाते. एकही नोंद नसेल तर भागाकार शून्याने होतो. थांबण्याची खूण म्हणून ० वापरता येत नाही, कारण कोरडा दिवस हीदेखील नोंदच असते. टर्बो सीमध्ये तर ‘इंट’ वापरून हा प्रश्न सुटूच शकत नाही. त्या पेटीत ९९९९९ मावत नसल्याने तुलना कधीच जुळत नाही आणि आज्ञावली थांबत नाही.

यवतमाळसारख्या कापूस व सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात या प्रश्नाला अधिक नेमके रूप देता येते. भारतीय हवामान विभाग २.५ मि.मी. किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसाला पर्जन्यदिन म्हणतो आणि ६४.५ मि.मी. पासून पुढे मुसळधार पाऊस ही संज्ञा वापरतो. पीकनुकसानीच्या मदतीसाठी महसूल यंत्रणा मंडळात २४ तासांत ६५ मि.मी. पेक्षा जास्त पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानते. म्हणजे एका अटीत ‘किंवा अधिक’ आहे आणि दुसरीत ‘पेक्षा जास्त’. हा भेद सीमध्ये एका चिन्हाचा असतो. मंडळात नेमका ६५ मि.मी. पाऊस पडला तर त्या एका चिन्हावर निकाल फिरतो. पाऊस ‘इंट’ प्रकारात वाचला तर ६५.४ ची नोंद ६५ होते आणि अतिवृष्टीचा दिवस यादीतून गळतो. एवढ्यावर थांबत नाही. ‘स्कॅनएफ’ ६५ उचलून दशांश चिन्हापाशी थांबतो, उरलेले ‘.४’ तसेच राहते व पुढची प्रत्येक वाचनक्रिया त्यावर अडखळते. आज्ञावली उरलेल्या नोंदींसाठी थांबतच नाही. ‘संगणक पिसाळला’ अशी तक्रार ज्या प्रसंगी ऐकू येते, तो बहुधा हाच असतो.

जिल्ह्यात १६ तालुके आहेत. त्यांच्या पावसासाठी १६ घरांची मालिका घेतली, तर सीमध्ये घरांचे क्रमांक ० ते १५ असतात. यवतमाळला १ क्रमांक देऊन १६ पर्यंत मोजणारा विद्यार्थी शेवटचा तालुका मालिकेबाहेर लिहितो, आणि सी त्याला अडवत नाही. कधी उत्तर बरोबर दिसते, कधी भलत्याच चलाची किंमत बदलते. पायथन अशा वेळी स्पष्टपणे त्रुटी दाखवून थांबतो. पहिल्या वर्षासाठी पायथनची बाजू घेणाऱ्यांचा हा महत्त्वाचा मुद्दा आहे. संगणकाची स्मृती समजण्यासाठी सीच हवी, असे त्यावर उत्तर दिले जाते. वाद जुना असला तरी आकडेमोड हाताने करून पाहण्याची सवय दोन्ही भाषांत तितकीच लागते.

मराठी माध्यम व इंग्रजी

प्रोग्रॅमिंगसाठी लागणारे इंग्रजी शब्द मोजके आहेत. मूळ सीमध्ये राखीव शब्द जेमतेम तीन डझनही नाहीत. खरी अडचण पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका आणि कंपायलरच्या त्रुटीसंदेशांची असते. अर्धविराम राहिल्याचा संदेश अनेकदा पुढच्या ओळीचा क्रमांक दाखवतो, आणि संदेश नीट न समजलेला विद्यार्थी त्या निर्दोष ओळीत बदल करून एका चुकीच्या तीन करतो.

तर्कासाठी मराठी मुळीच अपुरी नाही. ‘जर–तर–नाहीतर’ ही रचना अटीशी तंतोतंत जुळते. ‘९९९९९ येईपर्यंत’ या अटीचा ‘व्हाइल’साठी उलट विचार करावा लागतो, पण ‘जोपर्यंत ९९९९९ येत नाही, तोपर्यंत वाचत राहा’ असे म्हटले की तो नकार वाक्यात आधीच हजर असतो आणि अट जशीच्या तशी लिहिता येते. प्रश्न प्रथम अशा मराठी वाक्यांत मांडून मग सीमध्ये उतरवण्याची पद्धत काही शिक्षक वापरतात. ती अधिक प्रमाणात वापरली जायला हवी.

२०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिली, तेव्हा पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा मराठी अभ्यासक्रम हाती घेतला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी व सी प्लस प्लसचे मराठी निवेदन असलेले पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. पाठ ऐकत ऐकत तीच कृती आपल्या संगणकावर करायची, अशी त्यांची रचना आहे.

जर्नल, तोंडी परीक्षा आणि ड्राय रन

प्रात्यक्षिक विषयाचे मूल्यमापन जर्नल, प्रात्यक्षिक परीक्षा आणि व्हायवा यांवर होते. जर्नल ही मुळात प्रयोगाची नोंदवही. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती सबमिशनच्या आदल्या आठवड्यात मागील वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते. उत्तराचा चौकोनही हातानेच काढला जातो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून उतरवण्यासाठी सीनियरची वहीही शोधावी लागत नाही. स्वतःचा संगणक नसलेला आणि मोबाइलवरील कंपायलर ॲपवर सराव करणारा विद्यार्थी याला अधिक बळी पडतो, कारण आठवड्यातील प्रयोगशाळेचे तास हाच त्याचा खरा सराव असतो आणि त्यातील काही वेळ महिरपी कंस व अर्धविराम कळफलकावर शोधण्यात जातो.

संगणकाशिवाय करता येणारा एक सराव मात्र पूर्वीपासून प्रचलित आहे. त्याला ड्राय रन म्हणतात. कागदावर प्रत्येक चलासाठी एक रकाना आखायचा, आज्ञावली ओळीओळीने वाचायची आणि किंमत बदलली की जुनी खोडून नवी लिहायची. रेमंड लिस्टर यांच्या गटाने २००४ मध्ये अनेक देशांत केलेल्या अभ्यासात असे दिसले की, आज्ञावली लिहिता न येणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना दिलेल्या छोट्या आज्ञावलीचे उत्तरही सांगता येत नव्हते. म्हणजे लिहिण्याच्या आधी वाचनच कच्चे होते. पर्जन्य प्रश्नाची चार नोंदींची आज्ञावली या रीतीने तपासायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ९९९९९ बेरजेच्या रकान्यात लिहिण्याची वेळ आली की चूक कोणत्या ओळीत आहे हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच लक्षात येते.