वेष्टनावरील भाषा आणि ग्राहकाचा मोबाईल

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना सुमारे १४ किलोमीटरवर चितेगाव लागते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे हाली शिक्का चाले. सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब बाजारात मनातच करावा लागे. पुढे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आली आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चालू झाली. पावशेर गेला, ‘पाव’ हा शब्द मात्र राहिला आणि २५० ग्रॅमांचा वाचक झाला. माप बदलले तरी शब्द टिकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आजची अडचण निराळी आहे. पूर्वी ग्राहक तागडीकडे पाही. आता त्याला वेष्टन वाचावे लागते. वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक मजकूर देवनागरीतील हिंदीत अथवा इंग्रजीत असावा लागतो. इतर भाषा ऐच्छिक आहेत. म्हणजे केवळ मराठी जाणणाऱ्या ग्राहकाच्या हाती पुष्कळदा परकी भाषाच पडते.

येथे मोबाईल उपयोगी पडतो. त्याचे कार्य तीन टप्प्यांत होते: छायाचित्रातील अक्षरे ओळखणे, त्यांचे भाषांतर करणे व ते उच्चारून दाखविणे. पहिल्या टप्प्यात चकाकणारा कागद व बारीक ठसा आड येतात. दुसऱ्यात शब्दांची अनेकार्थता. इंग्रजीतील ‘नेट’ म्हणजे निव्वळही आणि जाळेही. संदर्भ सुटला की अर्थ सुटतो. म्हणून भाषांतर ऐकल्यावर वेष्टनावरील आकडे स्वतः पडताळणे इष्ट.

आकड्यांच्या बाबतीत मोबाईलमधील गणकयंत्र अधिक भरवशाचे आहे. समजा, ४०० ग्रॅमांचा पुडा ५२ रुपयांस व ९०० ग्रॅमांचा १२६ रुपयांस आहे. भागाकार केला असता पहिला ग्रॅमला १३ पैसे, तर दुसरा १४ पैसे पडतो. मोठा पुडा स्वस्तच असतो, हा समज येथे खोटा ठरतो. २०२१ च्या दुरुस्तीने असा एककदर छापण्याची तरतूद झाली आहे. तथापि तो शोधून ताडून पाहणे ग्राहकाकडेच राहते.

खरेदीनंतरही हे साधन निरुपयोगी होत नाही. पावतीचे व वेष्टनाचे छायाचित्र हा पुरावा ठरतो, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीतूनही तक्रार सांगता येते.

सारांश, हाली-कलदाराचा हिशेब ज्या बुद्धीने होई, तीच बुद्धी आजही लागते. मोबाईल तिला डोळे व कान पुरवितो. परंतु ज्याच्याजवळ हे साधन नाही, अथवा ज्याला ते चालविता येत नाही, त्याचे काय? भाषेची उणीव यंत्राने भरून काढावी लागणे हे सोयीचे लक्षण असले, तरी न्यायाचे नव्हे. जो माल मराठी मुलखात विकला जातो, त्याचे वजन, दर व मुदत मराठीत छापणे हा या प्रश्नाचा अधिक सरळ उलगडा होय.