परवानाधारक गेल्यावर घरातली बंदूक : मागणी, मोल आणि मर्यादा

परवानाधारक वारला की त्याची बंदूक घरात असूनही घरच्यांची राहत नाही. भारतात शस्त्रपरवाना व्यक्तीच्या नावाने मिळतो, घराच्या नावाने नाही. गादी, घड्याळ, सतार किंवा मोटार मागे राहिली तर वाटणी होईपर्यंत ती जागच्या जागी ठेवता येते. बंदुकीला ही सवलत नाही. एखाद्या पुतण्याला, भाच्याला किंवा जावयाला दिवंगताची बारा बोरची दुनळी विकत घ्यायची असेल, तर त्याच्यापुढे दोन बंधने एकाच वेळी उभी राहतात. दुःखाच्या घरात घाई करू नये, असे रीत सांगते. बंदूक जमा करायला उशीर करू नये, असे कायदा सांगतो. वरवर ही दोन टोके वाटतात, पण जमा करणे आणि विकत मागणे ही कामे वेगळी धरली की पेच सुटतो. पहिले काम दिवसांतच व्हायला हवे आणि दुसऱ्याचा विषय दिवस झाल्यानंतरच निघायला हवा.

1959च्या शस्त्र अधिनियमातील कलम 21नुसार, बाळगण्याचा कायदेशीर आधार संपलेले शस्त्र विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास 2019च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षे कैद व दंड होऊ शकतो. कपाटातली बंदूक ‘यजमानांची’ म्हणून तशीच राहू देणाऱ्या घरांना याची कल्पना क्वचितच असते. त्यामुळे बंदुकीत रस असलेल्या नातेवाईकाने पहिल्या आठवड्यात विचारण्यासारखा प्रश्न एकच : “काकू, बंदुकीचे कागद कुणी बघतंय का? ठाण्यात कळवायला हवं.” यात मागणी नाही, मदत आहे. मात्र मदतीच्या नावाखाली बंदूक आपल्या गाडीत टाकून आपल्या घरी नेणे सर्वांत वाईट. ते अशिष्टही आहे आणि गुन्हाही ठरू शकते. आधी ठाण्याला कळवावे, ते सांगतील त्याप्रमाणे शस्त्र पोहोचवावे किंवा त्यांनाच न्यायला बोलवावे. उरलेली काडतुसेही सोबत जमा करायची असतात. चार काडतुसे ‘आठवण म्हणून’ मागून घेणारे नातलग असतात; त्यांना घरच्यांनी नि:संकोच नाही म्हणावे.

जमा करताना मिळणारी पावती नीट वाचली पाहिजे. तिच्यावर बनावट, बोर, नळ्यांची संख्या आणि क्रमांक असावा लागतो. परवान्यावर ‘डीबीबीएल’ लिहिले असेल तर ती मागून भरायची दुनळी, ‘एसबीबीएल’ म्हणजे तशीच एकनळी आणि ‘एसबीएमएल’ म्हणजे कोकणात शेतीरक्षणासाठी अजून दिसणारी ठासणीची बंदूक. क्रमांक बहुधा नळ्यांखालच्या लोखंडी भागावर कोरलेला असतो आणि जुन्या बंदुकीत तो तेल, मळ आणि गंज यांखाली दडलेला असतो. तो परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे जमा करण्याच्या वेळीच पाहिले की पुढचे हेलपाटे वाचतात. देण्यापूर्वी नळ्यांना आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवलेला बरा. ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत बंदुकीची देखभाल होईल अशी अपेक्षा धरू नये.

विकत घेण्याची गोष्ट काढण्यापूर्वी मागणाऱ्याने स्वतःकडे पाहावे. त्याच्याजवळ त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना नसेल तर मागणीला अर्थच नाही. ‘आधी शब्द द्या, परवाना मी नंतर काढतो’ असे म्हणणारा घरच्यांना बेमुदत अडकवतो. 2019च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या अग्निशस्त्रांची मर्यादा 3वरून 2वर आणली आणि वारशाने येणाऱ्या शस्त्रांनाही तीच लागू केली. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत, त्याला तिसरे घेता येत नाही. याच मर्यादेमुळे जुन्या वाड्यांतले शस्त्रसंग्रह एका वारसाकडे अखंड जाणे आता जवळपास अशक्य झाले आहे. शिवाय बोरही पाहावा लागतो. बारा बोरची शॉटगन किंवा .22 रायफल सामान्य परवान्यात बसते; .303 रायफल वा 9 मिमी पिस्तूल प्रतिबंधित बोरमध्ये मोडते.

मान पहिला वारसांचा. 2016च्या शस्त्र नियमांतील नियम 25नुसार मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला त्या शस्त्रासाठी परवाना मागता येतो, त्यासाठी इतर वारसांची ना हरकत लागते. परवानाधारक हयात असतानाही, त्याचे वय 70 झाले असेल किंवा शस्त्र 25 वर्षे त्याच्याजवळ असेल, तर वारसाच्या नावे ते करण्याचा मार्ग खुला आहे. घरात यावर बोलणे झाले असेल तर मृत्यूनंतरचा बराच अवघडलेपणा टळतो. मुलगी अर्ज करणार आहे की नाही हे ठरण्याआधी पुतण्याने किंमत विचारणे म्हणजे पंगतीत बसलेल्याचे ताट ओढणे. मुलगी ‘बंदूक कशाला वापरणार’ हे गृहीत धरणे तर त्याहून चुकीचे.

वारसांना नको असल्याचे कळल्यावर, महिना-दोन महिन्यांनी, एकदाच आणि स्पष्ट विचारावे. विचारायचे ते सर्व वारसांना ठाऊक होईल अशा रीतीने. एकट्या काकूंना गाठून नव्हे. “तुम्ही बंदूक ठेवणार नसाल आणि विकायची ठरलीच, तर मला कळवा. माझ्याकडे परवाना आहे. भाव बाहेरच्या दुकानदाराकडून काढून घ्या,” एवढे पुरते. ‘काकांनी ती मलाच द्यायची म्हटली होती’ हे वाक्य खरे असले तरी गिळावे. तोंडी शब्दाने परवाना मिळत नाही, आणि ऐकणाऱ्याला मात्र नकार देणे जड जाते. मृत्युपत्रात नाव असले तरी परवान्याची अट सुटत नाही. नकार आला तर पुन्हा विषय काढू नये. खंडेनवमीला त्या बंदुकीची पूजा होत आली असेल, तर नकारामागे तेवढे कारणही पुरेसे असते.

भावाच्या बाबतीत मागणारा बहुधा जाणकार असतो आणि विकणारा अजाण; खरी कसोटी येथेच लागते. 1980च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळपास बंद झाली आणि आधीच देशात असलेल्या विलायती बंदुकांना दुर्मिळतेचे मोल आले. बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट किंवा ग्रीनर, लंडनची पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड ही नावे नळीवर असतील तर ‘जुनी बंदूक आहे, काय यायचे तिचे’ हे बोलणे म्हणजे सरळ फसवणूक. उलट केवळ नावावर भुलण्यातही अर्थ नाही. नळीवर दमास्कस पोलादाची पिळदार नक्षी असेल तर ती बहुधा काळ्या दारूच्या जमान्यातली असते, आणि आजचे जोरकस काडतूस तिच्यात भरणे जिवावर बेतू शकते. अनेक जुन्या इंग्रजी बारा बोरचे काडतुसाचे घर 65 मिमीचे असते. आजची पुष्कळ काडतुसे 70 मिमीची. दस्त्याला चीर आहे का, नळ्यांत खड्डे पडले आहेत का, नळ्या सांध्यात हलतात का, हे परवानाधारक दुकानदार किंवा कारागीर पाहून सांगतो. त्याचा अंदाज लेखी घ्यावा, खर्च मागणाऱ्याने सोसावा आणि कागद वारसांच्या हाती द्यावा.

कलम 45नुसार कालबाह्य, पुरातन किंवा मोडके आणि दुरुस्तीनेही न चालणारे शस्त्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. भिंतीवरची तोड्याची बंदूक त्यात बसेल का, हे मात्र घरच्यांनी परस्पर ठरवू नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावस्तूंचा 1972चा कायदाही लागू होऊ शकतो. तशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतून अंत्यविधीला आलेल्या मुलाने आजोबांची तलवार-बंदूक सामानात भरण्याचा विचार सोडलेला बरा. विकायचे नसेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थेकडे विचारणा करता येते. शिकारीचे कातडे, शिंगे बंदुकीसोबत मागूच नयेत. वन्यजीव कायद्याने त्यांची विक्री होत नाही.

सौदा ठरल्यावर कलम 5प्रमाणे विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर किमान 45 दिवस जावे लागतात. जमा शस्त्र ठराविक मुदतीत परत नेले नाही वा विकले नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून मागणाऱ्याने ‘बघू, सांगतो’ करत वेळ काढू नये. पैसे बँकेतून द्यावेत आणि सर्व वारसांच्या सह्यांची पावती घ्यावी. लाकडी पेटी, काडतुसांचा पट्टा, नळी साफ करायचा गज या वस्तू सौद्यात धरल्या आहेत का, हे आधीच लिहून ठेवावे. पुढे नव्या मालकाच्या परवान्यावर शस्त्राची नोंद झाली आणि दिवंगताचा परवाना कार्यालयात जमा झाला की व्यवहार पुरा होतो.