झुंज लावली कोणी?

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय निसर्गचित्रांत रानटी जनावरांच्या झुंजी वारंवार दिसतात. 'बळी तो कान पिळी' हा सृष्टीचाच कायदा आहे, असे ही चित्रे पाहणाऱ्याच्या मनावर ठसवतात. हाच कायदा पुढे करून आपल्याकडे विषमतेचे समर्थन झाले. म्हणून जालना जिल्ह्यात चित्रकला शिकवताना मी विद्यार्थ्यांना आधी एकच प्रश्न विचारायला सांगतो : ही झुंज लावली कोणी?

देलाक्रवाने १८२९ च्या सुमारास सिंहाची रेखाटने केली, ती पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातील मेलेल्या सिंहावरून. १८९१ मध्ये वादळातला वाघ रंगवणाऱ्या आंरी रूसोने जंगल पाहिलेच नव्हते. लँडसीअरच्या १८६४ च्या चित्रात बर्फातली दोन अस्वले फुटलेल्या जहाजाच्या अवशेषांवर तुटून पडली आहेत. एक निशाण फाडते, दुसरे माणसाची हाडे चघळते. हा संदर्भ फ्रँकलिनच्या मोहिमेचा. १८४५ मध्ये त्या खलाशांना नवा जलमार्ग शोधायला ब्रिटिश नौदलाने धाडले होते. चित्रात अस्वले क्रूर ठरतात. हुकूम देणारा दिसत नाही.

हिंदुस्थानातील शिकारीवर कॅप्टन विल्यमसन याने सॅम्युअल हॉविटच्या ४० चित्रांसह १८०७ मध्ये मोठा ग्रंथ काढला. अशा शिकारचित्रांत साहेब हत्तीवर असतो. झुडपात पायी शिरून हाका घालणारा माणूस वाघाच्या अधिक जवळ असतो, पण तो केवळ गर्दीचा भाग.

याउलट आपल्या शेजारच्या अजिंठ्यात, दहाव्या लेण्यात, छद्दंत जातक पाहा. सहा सुळ्यांच्या हत्तीला मारायला पारधी जातो, तो राणीच्या हुकमावरून. सुळे समोर येताच ती राणीच कोसळते. इथे हिंसेला केवळ स्वभाव नाही, कारण आहे. आणि ते कारण राजवाड्यात बसलेले आहे.

आज जालन्याच्या शिवारात रोही आणि रानडुकरे पिकात शिरतात. रात्रभर जागल करणारा पुष्कळदा गायरान कसणारा भूमिहीन असतो. सातबाऱ्यावर नाव नसेल, तर नुकसानभरपाई मागायलाही तो कागदोपत्री उभा राहू शकत नाही. याला 'माणूस विरुद्ध वन्यप्राणी' एवढेच नाव देणे म्हणजे त्याच जुन्या चित्राची नक्कल करणे होय. जमीन कोणाला नाकारली गेली, हे त्या चित्रात येत नाही. आपल्या मुलांनी चित्र काढावे, ते या चौकटीबाहेर ठेवलेल्या माणसापासून सुरुवात करून.