उज्जयिनीचे वर्तमानपत्र

अभिजात नाटक वर्गात शिकवताना एक अडचण बहुधा सर्वत्र जाणवते. नाटकाचा सारांश विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असतो, पात्रांची स्वभावचित्रे तयार उत्तरांच्या रूपाने त्याच्या हाती आलेली असतात, आणि वाचायचे म्हणून जे उरते ते केवळ कठीण शब्दांचे अर्थ. नाटक म्हणजे डोळ्यांसमोर घडत असलेली घटना होय, ही जाणीवच मग नाहीशी होते. ती परत आणण्याचा एक साधा उपाय आहे. नाटक ज्या नगरात घडते, त्या नगराचे वर्तमानपत्र विद्यार्थ्यांकडून काढवून घ्यावे.

विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे व ते छापावे, ही कल्पना नवी नाही. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२४ साली बार-स्यूर-लू या खेड्यातील आपल्या शाळेत लहानसे मुद्रणयंत्र आणले आणि मुलांचे लेखन मुलांकडूनच छापून घेण्यास आरंभ केला. भारतीय शाळांतून हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके निघत आली आहेत. येथे भेद एवढाच की, या पत्रातील बातम्या शाळेच्या नसून नाटकाच्या असतात.

या कामासाठी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’इतके सोयीचे नाटक संस्कृतात क्वचितच सापडेल. राजवाड्यापेक्षा नगराच्या रस्त्यांवर त्याची कथा अधिक घडते. जुगारात हरलेला संवाहक पळून जाऊन ओस देवळात मूर्तीप्रमाणे उभा राहतो, पिसाळलेला हत्ती साखळदंड तोडतो, चारुदत्ताच्या घरी भिंत फोडून चोरी होते, आर्यक बंदिवासातून निसटतो, गाड्यांची अदलाबदल होते आणि अखेरीस राज्यच पालटते. दहा अंकांत बातम्यांना तोटा नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले, तर हबीब तन्वीर यांनी १९५८ साली ‘मिट्टी की गाडी’ या नावाने ते हिंदीत सादर केले. त्यामुळे संस्कृत न शिकलेल्या वर्गालाही ते दुर्गम नाही.

वर्गाचे पाच गट करून प्रत्येकाकडे दोन अंक सोपवावेत आणि एक नियम घालून द्यावा. प्रेक्षकाला जे दिसते ते बातमीदाराला ठाऊक असेलच असे नाही. त्या जागी, त्या वेळी उभ्या असलेल्या नागरिकाला जे कळले असते तेवढेच त्याने लिहावे. सर्व उपक्रमाचे सार या नियमात आहे. तिसऱ्या अंकातील चोरीचेच उदाहरण घेऊ. शर्विलकाने भिंतीचे माप घेण्यासाठी गळ्यातील यज्ञोपवीत वापरले, हे प्रेक्षक पाहतो. बातमीदाराला मात्र सकाळी भिंतीतील भगदाड तेवढे दिसेल. त्याने यज्ञोपवीताचा उल्लेख केला, तर संपादकाने एकच प्रश्न विचारावा : हे तुम्हांला कोणी सांगितले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विद्यार्थ्याला मूळ संहितेकडे पुन्हा वळावे लागते, आणि शिक्षकाला हवे असलेले वाचन येथेच सुरू होते.

नवव्या अंकात या नियमाची खरी कसोटी लागते. वसंतसेनेचा खून झाला, अशी फिर्याद घेऊन राजाचा मेहुणा शकार न्यायालयात येतो. आज आपले प्रकरण ऐकले नाही तर राजाला सांगून न्यायाधीशालाच दूर करू, अशी धमकी तो देतो. जबानी देताना, हे कृत्य आपण केलेले नाही, असे कोणी न विचारता त्याच्या तोंडून निसटते आणि लिहिलेली ती अक्षरे तो पायाने पुसून टाकतो. त्यानंतर पुरावे येऊ लागतात. मुलगी चारुदत्ताच्या घरी गेली होती, असे वसंतसेनेची आई सांगते. चारुदत्ताची गाडी तिला घेऊन पुष्पकरंडक उद्यानाकडे जात असल्याचे आपण ऐकले, असे नगररक्षक वीरक सांगतो. उद्यानात जाऊन आल्यावर, तेथे एका स्त्रीच्या देहाचे अवशेष पाहिल्याचेही तो कळवतो. एवढ्यात मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात.

यांतील एकही साक्षीदार खोटे बोललेला नाही. आईचे म्हणणे खरे होते. गाडीवानाने सांगितले तेच वीरकाने ऐकले होते; परंतु गाडीत वसंतसेना नसून आर्यक होता आणि गाडीवानालाही ते ठाऊक नव्हते. उद्यानातील अवशेष झाड अंगावर कोसळून मेलेल्या दुसऱ्याच कोणा स्त्रीचे होते. दागिने वसंतसेनेचेच, पण सोन्याच्या गाडीसाठी रडणाऱ्या रोहसेनाला तिनेच ते दिले होते आणि चारुदत्ताने ते परत करण्यासाठी मैत्रेयाजवळ सोपवले होते. प्रत्येक तपशील खरा, पण त्यांतून निघालेला निष्कर्ष सर्वस्वी खोटा! न्यायालयात बसलेल्या प्रामाणिक बातमीदाराने ऐकले तेवढेच लिहिले, तरी त्याचा वाचक चारुदत्ताला खुनीच ठरवील.

अशा वेळी मथळा काय द्यावा, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. ‘चारुदत्ताने खून केला’ आणि ‘चारुदत्तावर खुनाचा आरोप’ या दोन मथळ्यांत दोन-तीन शब्दांचाच फरक आहे. परंतु सुळाकडे नेल्या जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. शकाराने पुसलेली अक्षरे बातमीत आली की नाहीत, हेही पाहावे. ती वगळणारा विद्यार्थी खोटे लिहीत नाही, मात्र सत्याकडे जाणारी एकमेव वाट तो बंद करतो. ब्राह्मणाला देहदंड नाही, असे न्यायाधीशाने कळवूनही राजा पालक सुळाची आज्ञा देतो. अग्रलेखासाठी हा विषय पुरेसा आहे.

दहाव्या अंकात आणखी एक प्रश्न पुढे येतो. खरी हकीकत जाणणारा स्थावरक हा शकाराचा दास. बेड्या घालून कोंडलेला हा माणूस वाड्यावरून उडी टाकून सत्य सांगतो. तरीही, हा चोर आहे, मी त्याला मारले म्हणून तो असे बोलतो, असे शकाराने म्हणताच त्याची साक्ष व्यर्थ ठरते. कोणाचा शब्द बातमी मानला जातो आणि कोणाचा नाही, हे विद्यार्थ्यांना येथे उपदेशावाचून कळते. पुढे वसंतसेना स्वतः जिवंत समोर येते, तेव्हा आदल्या अंकाच्या संपादकांना आपल्याच मजकुराची दुरुस्ती लिहावी लागते. चारुदत्ताने शकाराला केलेली क्षमा योग्य की अयोग्य, यावर वाचकांची पत्रे दोन्ही बाजूंनी लिहून घ्यावीत.

दोन बाबतींत शिक्षकाने सावध राहावे. प्राचीन उज्जयिनीत वर्तमानपत्र नव्हते. भारतातील पहिले छापील वृत्तपत्र हिकी याने कलकत्त्यात १७८० साली काढले. नाटकात चारुदत्ताच्या अपराधाची वार्ता पसरते ती चांडाळांनी ठिकठिकाणी ढोल वाजवून केलेल्या घोषणेने, आणि त्या घोषणेत एकाच पक्षाचे म्हणणे असते. हे विद्यार्थ्यांना आधी स्पष्ट सांगावे, म्हणजे आपल्या पत्राने त्या घोषणेत कशाची भर घातली हे त्यांना पाहता येईल. दुसरे असे की, विनोदी जाहिराती आणि चित्रे यांच्या नादात नाटकच बाजूला पडण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक मजकुराखाली अंक आणि प्रसंग यांचा निर्देश सक्तीचा ठेवावा. यासाठी छपाईची गरज नाही. हाताने लिहून भिंतीवर लावलेला मोठा कागद पुरतो.

नाटक वाचून संपल्यावर चारुदत्त निर्दोष होता, हे सर्वच विद्यार्थी सांगतील. परंतु ज्याने त्याच्या खटल्याची बातमी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने ती दुरुस्त केली, तो विद्यार्थी पुढे कोणतीही बातमी वाचताना क्षणभर थांबेल आणि ती सांगणाऱ्याला हे कसे कळले असेल, असे स्वतःला विचारील.