एका तळ्यातले शेजारी

सुप्याकडं पाऊस कमी. म्हणून शेतकरी शेततळं खोदतो. त्यात पाणी आहे तोवर मासेही वाढतात. पण कोणते मासे सोडायचे?

एकाच ताटावर सगळे बसले, की भांडण होतं. माशांचंही तसंच आहे. कटला वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या पाण्यात चरतो. मृगळ तळाशी चरतो. तिघांची ताटं वेगळी. म्हणून ते सुखानं राहतात. माशाच्या बोटाएवढ्या पिल्लाला बोटुकली म्हणतात. दर 10 बोटुकल्यांत 4 कटला, 3 रोहू आणि 3 मृगळ सोडावेत.

मरळ मात्र यांच्यात नको. ती लहान मासे खाते. बोटुकल्या गेल्या, की पैसा बुडाला! आफ्रिकन मांगूरही तसाच खादाड. तो पाळायला सरकारची बंदी आहे.

तळ्यात दाटीही करू नका. मासे पाण्यात मिसळलेली हवा घेतात. पहाटे ते वर येऊन तोंड उघडू लागले, तर हवा कमी पडली असं समजा. लगेच ताजं पाणी सोडा.

तळ्याचं पाणी पिकाला द्यायचंच आहे. ते फार उतरण्याआधी मासे काढून विका. बघा, एका पाण्यावर दोन पिकं झाली की नाही?