पोटातली आग आणि पाचकाची बाटली

मंडळी, सोयाबीन सोंगणीचे दिवस आठवा. सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी बांधावर भाकर नि झणझणीत ठेचा, रात्री कंबर धरली म्हणून दुखण्याची गोळी. आठवड्याभरात छातीत जळजळ सुरू. मग रिठदसारख्या गावात कुणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पाचकाची बाटली आणतो. पण तिने ही आग विझते का?

या बाटलीत बहुधा डायस्टेज आणि पेप्सिन असते. शाळेच्या पुस्तकात यांना विकरे म्हणतात. डायस्टेज भाकरीतले पिष्ट फोडते, पेप्सिन डाळीतली प्रथिने. औषध जुनेच आहे. जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनी बुरशीपासून काढलेल्या डायस्टेजचे पेटंट अमेरिकेत १८९४ साली घेतले.

विकराचे काम अन्न फोडण्याचे; आम्ल शमवण्याचे नव्हे. जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर चढले की जळजळ होते. जठराचे अस्तर दुखावले की दाह होतो. पेप्सिन तर आम्लातच काम करते. मग त्याने आग कशी विझावी?

दाहाची दोन मोठी कारणे आहेत. एक, वारंवार घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. दुसरे, जठरात राहणारा एक जंतू. ऑस्ट्रेलियाच्या वॉरेन आणि मार्शल यांनी तो १९८२ साली ओळखला. २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. तपासणीत तो आढळला, तर डॉक्टरांनी दिलेली औषधे पुरे दिवस घ्यावी लागतात.

ज्यांच्या स्वादुपिंडातून पुरेसा रस येत नाही, त्यांना विकरे खरोखर लागतात. ती डॉक्टर जेवणासोबत देतात.

जळजळ असेल तर जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. तंबाखू सोडा. दुखण्याची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काळी डांबरासारखी शौचास, रक्ताची उलटी, घास अडकणे, वजन घटणे, यांपैकी काही दिसले तर बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठा. छातीवर दडपण येऊन घाम फुटला, तर ते पित्त समजू नका. ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हा एक क्षणही दवडू नका.

गुरुजी, एक प्रयोग मुलांसमोर करून दाखवा. लिंबाच्या रसात चमचाभर पाचक घाला आणि निळा लिटमस बुडवा. तो तांबडाच होईल. मुले ही गोष्ट घरी जाऊन सांगतील.